मारुतीरावांच्या तीन बंदुका

४ ऑक्टोबर १९७८, बुधवार

निपाणी स्टँडवर उतरलो तर आण्णाप्पा स्वतः बुलेट घेऊन उभे. मला वाटलं होतं, एखादा गडी पाठवतील. माझी हत्यारांची पेटी त्यांनी आपल्या हातानं उचलून टाकीवर घेतली आणि खड्डा आला की वेग कमी करायचे, पेटीला धक्का नको म्हणून. फौजेत बावीस वर्षं बंदुका दुरुस्त केल्या, हवालदार होऊन निघालो, आता बेळगावात कॅम्पातल्या दुकानात करतो, पण माझ्या पेटीची इतकी काळजी कुणी केलेली आठवत नाही.

घर नवं आहे, सिमेंटचं, हिरव्या रंगाचं. चारी बाजूंना गुडघाभर तंबाखू, मागं वखार. घरात आण्णाप्पा, त्यांची बायको मालुबाई आणि धाकटा भाऊ शामू. वडील मारुतीराव चैत्रात गेले. ठासणीची बंदूक पुसताना बार सुटला म्हणे. त्यांच्या नावावरच्या तीन बंदुका आता मुलांकडे यायच्या आहेत. चिकोडीच्या कचेरीत द्यायला कुणा जाणकारानं बंदुकांचं वय, किंमत आणि अवस्था लिहून द्यावी लागते. त्यासाठी मी.

जेवायला त्यांनी मला आपल्या शेजारच्या पाटावर बसवलं. मी कांबळे, हे त्यांना ठाऊक आहे. माझ्या बापाला असल्या घरातून अंगणाच्या कडेला वाढायचे. आण्णाप्पांनी माझ्या भाकरीवर स्वतः तूप घातलं. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

५ ऑक्टोबर

माडीवरच्या खोलीत चटईवर तिन्ही मांडल्या. एकनळी साधी आहे, तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक मात्र देखणी. माझ्या खांद्याइतकी उंच, दस्त्यावर चांदीची तार. तिला या घरात ‘थोरली’ म्हणतात, आणि माणसाबद्दल बोलावं तसं बोलतात. तिसरी विलायती दुनळी, लोखंडाच्या पट्ट्या पिळून केलेल्या नळ्यांची. अशा नळ्यांवर पाण्यावरच्या तरंगासारखी नक्षी उठते. पंचवीस वर्षांनी अशी बंदूक हातात आली.

दुनळी खोलली आणि जीव हळहळला. बाहेरून लखलखीत, पण लाकडाखाली उजवी नळी गंजून कागदासारखी झालेली. आण्णाप्पा समोर मांडी घालून बसले होते. त्यांना बोट फिरवून दाखवलं. बार काढला तर नळी फुटणार, हे सांगितलं. त्यांनी बारकाईनं विचारलं, की कुठून फुटेल, पत्रा कुठल्या बाजूला उडेल, माणसाचा हात जाईल की तोंड. इतकं लक्ष देऊन ऐकणारा मालक मिळत नाही. मी सगळं समजावून दिलं. डावा हात तर जाणारच आणि तोंडही वाचायचं नाही, असं म्हणालो.

६ ऑक्टोबर

शामू दिवसभर माझ्यापाशी होता. तिशीचा, हसरा. त्याला शेतीत राम वाटत नाही. आपला वाटा घेऊन बेळगावला उद्यमबागेत लेथ टाकायचं त्याच्या मनात आहे. आण्णा अजून व्हय म्हणत नाहीत, पण दसऱ्यानंतर बोलू म्हणालेत. बंदुकांतली त्याला दुनळीच हवी. वडिलांनी तिच्यावरच नेम धरायला शिकवलं, दसऱ्याच्या सलामीचा बार दर वर्षी तोच काढतो.

मी त्याला म्हटलं, ती आता भिंतीवर टांगायची वस्तू. तो हसला आणि शेंगा फोडत बसला. मी दुनळीच्या चापाला चिठ्ठी बांधली: ‘बार काढू नये.’

८ ऑक्टोबर, रविवार

थोरलीचं कुलूप, म्हणजे चापामागचा साचा, खोललं. चाप इतका जड, की बोट दुखावं. घोडा मधेच अडवून धरणारी अडकण शाबूत. जेवताना सहज बोलून गेलो, की ही आपण होऊन सुटणं शक्य नाही, कुणीतरी ओढल्याशिवाय. शामूचा घास हातातच राहिला. मालुबाई चुलीपाशी होत्या, त्या वळल्या नाहीत.

आण्णाप्पा म्हणाले, “सुटती, हवालदारसाहेब. तुमाला म्हाईत न्हाय तिचं.”

मग त्यांनी मला आणखी ताक घ्यायला लावलं.

९ ऑक्टोबर

चिठ्ठी नाही. दुनळीच्या उजव्या नळीवर मी जिथं गंज दाखवला होता तिथं मेण आणि काजळी चोळून वर तेलाचा हात फिरवलाय. काम सफाईचं आहे. मी शिकवल्यासारखं.

आण्णाप्पांना विचारलं तर म्हणाले, उद्या खंडेनवमी, पूजेला हत्यार चांगलं दिसावं.

शामू फुलं आणायला निपाणीला गेलाय. मालुबाई चहा ठेवायला आल्या, कप ठेवून तिथंच उभ्या राहिल्या. खाली बघत म्हणाल्या, “सांजच्या यष्टीनं जावा दादा. खंडेनवमीला हितं ऱ्हाऊ नगासा.” त्यांच्या मनगटावर काळेनिळे वळ आहेत. मी विचारलं, कुणी? त्या गेल्या.

यष्टी चुकवली. शामूला सांगितल्याशिवाय जायचं कसं?

१० ऑक्टोबर, खंडेनवमी

शामूला विहिरीवर गाठून सांगितलं. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, आई गेली तेव्हा आपण चार वर्षांचा होतो, आण्णानं कडेवर वाढवलं. हवालदार, तुम्ही लई विचार करताय. मी विचारलं, मग वडिलांचा बार कसा सुटला? तो हसायचा थांबला. कळशी उचलून चालू लागला.

परत वळलो तर आण्णाप्पा केळीआड हात धूत होते. कधीपासून, कळलं नाही.

पूजेआधी दुनळीचे काडतुसावर आपटणारे दोन्ही खिळे काढून घेतले. खिशात आहेत. आता तिच्यातून बार निघणार नाही. उद्या दसरा झाला की पहिल्या गाडीनं बेळगाव, आणि तिथं पोलिसांना सांगेन.

११ ऑक्टोबर, दसरा

पेन्सिलीनं लिहितोय.

आंघोळीला गेलो तेव्हा सदरा खुंटीवर होता. परत आलो तेव्हा खिसा चाचपला नाही. का नाही चाचपला— खिळे कसे बसवायचे ते दुनळी खोलली त्या दिवशी आण्णाप्पांना मीच दाखवलं होतं. समोर बसवून. दोनदा.

शिलंगणाला सगळा गाव माळावर. शामूच्या फेट्याला झेंडू. मी गर्दीतून ओरडत पुढं जात होतो, ढोल वाजत होते. त्यानं मला पाहिलं. त्याला वाटलं मी सलाम करतोय. त्यानंही मान लववली आणि चाप ओढला.

डावा हात मनगटापासून नव्हता. बोटं दूर पडलेली, त्यातल्या एकात अंगठी. गाल उडून दात उघडे पडले होते आणि तो बोलायचा प्रयत्न करत होता. आण्णा, असं काहीतरी. आण्णाप्पांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. सदरा फाडून रडले. खरे रडले. मी पाहिलं. तो गेल्यावर त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडं बोट दाखवलं.

ह्यानं दुरुस्त केली. चांगली हाय म्हणाला.

मग काठ्या. लाथा. कुणीतरी माझी जात काढून शिव्या देत होतं. कालपर्यंत रामराम करणारी माणसं. डावा डोळा उघडत नाही. दोन बरगड्या गेल्या असाव्यात. श्वास घेतला की टोचतं.

वखारीत कोंडलंय. सदऱ्याच्या आत ही वही राहिली.

१२ ऑक्टोबर

तंबाखूची धूळ. खोकला आला की तोंडात रक्त. घसा पार बसला. ओरडलो तर नुसती वाफ.

दारापाशी मालुबाई आल्या. फटीतून पाणी ओतलं, मी ओंजळीनं प्यायलो. म्हणाल्या, पोलिसांना कुणीच कळवलं न्हाय, माणसं मढ्याबरोबर नदीला गेल्यात. म्हणाल्या, मामंजींवर थोरलीचा चाप ह्या घरधन्यानंच वडला, मी बघितलं दादा, मी दारात हुते. सांगायचं हुतं, पण—

मग त्यांचा आवाज एकदम बंद. धप्प. ओढत नेल्याचा आवाज. मातीवर टाचा घासतात तसा.

*

दुपार झाली असावी. उन्हाची तिरीप आत आलीय.

आण्णाप्पा दारापाशी बसलेत. फटीला कान लावून. हळू बोलतात, पहिल्या दिवशीसारखं, शिकणाऱ्यासारखं. विचारतात, हवालदारसाहेब, थोरलीत दारू किती घालू? दहा पावलांवरनं मारायचं झालं तर?

कुणाला मारायचं ते विचारावं लागलं नाही.

मी फटीपाशी गेलो. उरलेल्या आवाजात माप सांगितलं. चुकीचं सांगितलं. त्या मापानं थोरली फुटेल. धरणाऱ्याचं मस्तक राहणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा बंदुकीबद्दल खोटं बोललो, आणि आवाज कापला नाही.

ते म्हणाले, उपकार झाले.

ठासायचा गज नळीत सरकवल्याचा आवाज. ठासतायत. ठासतायत.

*

कोपऱ्यात पोत्यांवर चढलो. खिडकीच्या गजातून अंगण दिसतं.

आण्णाप्पांच्या हातात बंदूक नाही.

ते बैलगाडीच्या आड उभे आहेत, हातात कोयता. वखारीच्या दाराच्या कडीला दोर बांधलाय, दुसरं टोक त्यांच्याकडं.

थोरली मालुबाईंच्या हातात आहे. कपाळातून रक्त. बंदूक पेलत नाही, गालाला टेकवलीय. ते समजावतायत, “दार उघडलं की वडायचं. माझ्यावर फिरवलीस तर पोराबाळांसकट तुझं म्हायेर—” आणि हसले. म्हणाले, हवालदारानं माप लगीच सांगितलं. लई लगीच. म्हणून तू धर.

ओरडतोय. आवाज नाही. गज हलवतोय, त्या बघत नाहीत.

दोर ताणलाय. पान फाडून खापरीला गुंडाळून टाकतो. त्यांना वाचता येतं, शामू म्हणाला होता सातवी—

मालूआक्का, चाप ओढू नका. खाली टाका. मी माप खोटं सांगितलं, त्यांच्यासाठी, तुमच्यासाठी नव्हे. गालापासून लांब करा. आक्का, दार उघडलं तरी ओढू नका, मी तुमच्याकडं येणार नाही, मी जागचा हलणार ना