अकाउआंनं सांगितलेले पाहुणे

प्रिय वाल्देसीर,

शनिवारच्या बोटीनं तू येऊ नकोस. बायकोनं असं लिहावं का? पण शेवटपर्यंत वाच, मग काय त्या शिव्या घाल.

आठवडाभर अकाउआं ससाणा मागच्या उंच झाडावर बसून हसतोय. तुझ्या आईला आनंदाचं भरतं आलंय. "घराकडे तोंड करून हसला की पाहुणा येतोच. माझा वाल्देसीरच येतोय!" तिनं कसाव्याचं पीठ भाजलं, तुझा झुला धुतला. मी म्हटलं, "आई, तो सापाच्या शोधात असतो, आपल्या नाही." तर म्हणाली, "तुझ्या तोंडून कधी चांगलं म्हणून निघेल तर शपथ!" आपल्या लग्नातही तो असाच ओरडला होता. "वऱ्हाड वाढलं बघ," असं तू माझ्या कानात म्हणालास आणि मला पाद्रीबाबांसमोर हसू फुटलं होतं.

मंगळवारी पाहुणे आले. तिघं. होडीत ना जाळं, ना गळ. एकानं तुझं पूर्ण नाव घेतलं. आईनं त्यांना कॉफी पाजली रे! वर कौतुकानं सांगितलं, "शनिवारी येतोय, अकाउआंनं सांगितलंय." "मग थांबतोच," म्हणाले आणि धक्क्यावर झुले बांधून बसले. तू लाकूडचोरांविरुद्ध साक्ष दिलीस ना, त्यांचीच ही माणसं. आई त्यांना रोज मासे पाठवते. तिला खरं सांगितलं तर कोयता घेऊन धावेल, आणि ते तिलाही सोडणार नाहीत.

रेडिओवरून निरोप दिला असता तर अख्ख्या नदीनं ऐकला असता, म्हणून बोटीवरच्या स्वयंपाकीण झेनायदेच्या हाती हे पत्र देतेय. काल धक्क्यावर सगळ्यांदेखत मी ऊर बडवून रडले, "त्यानं शहरात दुसरी ठेवलीय, तिला मूलही झालंय, तो मेला आता कसला येतोय!" ते तिघं खदाखदा हसले. आज एकानं झुला सोडलाय, दोघं अजून आहेत. आई रेडिओवरून तुला शिव्याशाप देईल, रडेल, स्वतःच्या गळ्याची शपथ घालेल. उत्तर देऊ नकोस. हे खोटं आहे एवढं सांगायलासुद्धा येऊ नकोस. गावाच्या लेखी तू मला टाकलंयस. राहू दे तसंच. तू फक्त जिवंत राहा.

काही झालं तरी तुझीच,
जुसिलेनी