रिकीब चार बोटं वर

॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥
चाकण, १० मार्च २०२५

तीर्थरूप यशवंतराव भावजींना शालनचा शि. सा. न. वि. वि.

पाखरी घोडी चारा खाते, मी शिव्या खाते, बाकी बरं हाय. फोन तुमी मधेच ठेवून देता, म्हणून कागद लिहिते. चौथी पास बाई, अक्षराला हसू नका.

यात्रेत पालखीपुढं आपल्या घरची घोडी चालते आणि तिच्यावर घरचंच माणूस बसतं. हे जाऊन वर्ष झालं. तुमच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं, घरात दुसरा गडी न्हाई. तर यंदा मी बसणार. मान दुसऱ्या घरात जाऊ देणार न्हाई.

बसून बघितलं. खोटं कशाला सांगू, फजिती झाली. रिकिबीची कडी पायाला घावतच न्हाई. अंगठ्यानं चाचपत बसले, टाच वर, सगळा भार बुडावर. पाव तासात कंबर गेली. शेजारच्या सोजरबाई दात काढत होत्या. मग रिकिबीचा पट्टा बघितला, तर त्याला एकच भोक! हे कुणाचं माप?

जाऊबाईंना नमस्कार. योगिनीला कॉलेजातनं सवड काढून पाठवा, नातीला गाव दाखवा जरा. लोभ असेल तितका असू द्या.

तुमची,
शालन


निगडी, १८ मार्च २०२५

चि. शालन हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. तो पट्टा आजोबांचा. सहा फुटी माणूस होता. त्यांच्यानंतर वडील बसले, मी बारा वर्षे बसलो, मग तुझा नवरा दत्तोबा बसला. कोणी पट्ट्याला हात लावला नाही. यात्रेनंतर आठ दिवस उठता येत नाही, तो नाथाचा भार. ज्याच्यावर नाथ बसतो त्यालाच तो कळतो. तुझा पाय रिकिबीला पोचत नाही, ही नाथाचीच खूण समज आणि खाली उतर. मान जाईल तर जाऊ दे.

प्रकृतीस जपावे. आशीर्वाद आहेतच.

यशवंत


चाकण, २४ मार्च २०२५

ती. भावजींना शि. सा. न. वि. वि.

पाकिटावर गं. भा. लिहू नका. पोस्टमन वाचतो. नुसतं शालन लिहा.

भावजी, मी कंपनीत गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते. प्रत्येक सीट पुढं-मागं सरकते. का? माणसाचा पाय सारखा नसतो म्हणून. हे कंपनीला कळतं, आपल्या घराला तीन पिढ्या कळलं न्हाई. ह्यांना दर यात्रेनंतर विटेचा शेक मी दिलाय. कण्हताना मी ऐकलंय. तुमी नाथाचं नाव घेत होता.

कंपनीतली आरी आणली आणि पाडलं भोक. पहिल्यांदा घाई केली, वीतभर वर घेतलं. गुडघे छातीला आले, चुलीपुढं बसल्यासारखी बसले आणि गुडघ्यांची आग झाली. मग लग्नाच्या घोडीवाल्या रणजीतला विचारलं. तो म्हणाला, मावशी, पट्टा खोगिराला लागतो तिथं बोटं टेकवा, रिकीब काखेत आली पाहिजे. तसं मोजलं, तर जुन्या भोकापासून चार बोटं वर. आता गुडघा जरासा वाकतो, टाच खाली बसते, दगडावरनं घोडी उडाली तर पायावर तोल धरून अंग वर उचलता येतं. काल दोन तास बसले आणि उतरून भाकरी थापल्या.

यात्रेला या. अडवायचं असलं तरी या. राग ठेवा, पण जेवायला थांबा.

शालन


निगडी, १५ एप्रिल २०२५

चि. शालन हिस आशीर्वाद.

यात्रेत चौकात मी लगाम धरला आणि तू उतरली नाहीस. चारचौघांत म्हणालीस, भार पाहिजे असेल तर भावजींनी बसावं. मी लगाम सोडला. तीन तास बसलीस, उतरून पायी घरी गेलीस. लोक म्हणतात, यंदा नाथ बसलाच नाही.

मला दुसरेच लागले आहे. बारा वर्षे मी ती कंबर नाथाच्या नावाने सोसली. ऑपरेशनलाही कुरकुर केली नाही. तुझे खरे धरले तर ते सगळे फुकट गेले. या वयात एवढे तरी माझ्याकडे राहू दे. ती भोके बुजवून घे.

यशवंत


चाकण, २१ एप्रिल २०२५

ती. भावजींना शि. सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. तुमी सोसलंत ते मी नाकारत न्हाई. पण ते फुकट गेलं असेल तर गेलं, भावजी. ते राखायला आणखी एकाची कंबर मोडायची व्हय? नाथानं काय मागितलं होतं? मला तर त्यानं तीन तासांत एकदा बी दाबलं न्हाई.

भोकं बुजवणार न्हाई. उलट आणखी एक पाडलंय. तुमची योगिनी शनिवारी कॉलेज बुडवून आली होती. दोन तास पाखरीवर बसली. पाय माझ्याहून आखूड, म्हणून दोन बोटं आणखी वर. पुढल्या यात्रेला तीच बसणार म्हणते. आबांना, म्हंजे तुमाला, सांगू नको म्हणाली.

म्हणून लिहून कळवते. तिला ओरडायचं असेल तर आधी मला ओरडा. जाऊबाईंना नमस्कार.

शालन