फ्रिजमधला सेन्सर

बाबा,

गच्चीतला तापमानाचा सेन्सर फ्रिजमध्ये दुधाशेजारी ठेवलाय, बाहेर काढू नका. काल एवढ्या गारठ्यात माझ्या लॅपटॉपवर आपली गच्ची तापलेली दिसली आणि तुम्ही काकांसमोर म्हणालात, "हिची पदवी गेली पाण्यात." वर मला त्यांच्या दुकानात बसवायचं ठरवूनही टाकलंत.

चूक झाली खरी. शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरातल्या सेन्सरचे रेडिओ संदेश मी आपले समजून उलगडत बसले. दोन्ही सेन्सरचे संदेश एकत्रच येतात. आता ज्याचा आकडा घसरेल, तो आपला.

दुकानात येणार नाही, हे काकांना सांगायला मीच निघालेय. तुम्ही मध्ये पडू नका. आणि हे संदेश पकडणारी खिडकीतली अँटेना कितीदाही काढा, मी परत लावीन.