लहान मुलांचं पडसं

१७ जानेवारी १९९९

झालं एकदाचं बोरन्हाण! सृष्टीचं नाक कालपासून नुसतं गळतंय. सूनबाई अक्षता म्हणत होती, "आई, पुढे ढकलूया का?" पण आजोबा ऐकतील तर ना! "विनायक उद्या टूरवर चाललाय, तो येईपर्यंत रथसप्तमी उलटेल. आणि लहान मुलांना पडसं व्हायचंच!" स्वतःच मांडीवर घेऊन बसले तिला. बोरं, चुरमुरे डोक्यावर पडायला लागले तशी पोरगी ह्यांच्या तोंडावरच शिंकली. सगळे हसलो. बाहेर हे धुकं, म्हणून खिडक्या बंद, हीटर चालू, आणि नोएडातली आम्ही सगळी मराठी म्हातारी मंडळी त्या एवढ्याशा हॉलमध्ये.

२१ जानेवारी

ह्यांना पडसं. "नातीने दिलंय," म्हणून खूश! सितोपलादी मधातून दिलं.

२४ जानेवारी

खोकला थांबतच नाही. छातीतली घरघर स्वयंपाकघरात ऐकू येते. मार्केटमधल्या डॉक्टरने गोळ्या बदलल्या. "मौसम ही ऐसा है, आंटीजी." समोरच्या इंदुमतीबाईही अंथरुणात आहेत. त्याही आल्या होत्या रविवारी. थंडीच मेली विचित्र यंदा.

२५ जानेवारी

 दुपारी लाइट गेली, वाफारा बंद. ह्यांना दोन शब्द बोलले की धाप. ओठ निळे दिसले तेव्हा अक्षताला हाक मारली. तिने टॅक्सी आणली, सृष्टीला खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे ठेवलं. यमुनेच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये गाडी हलेना! मी ड्रायव्हरला हात जोडले. "भैया, कुछ करो!" तो तरी काय करणार.

दिल्लीच्या हॉस्पिटलात ऑक्सिजन लावलाय. विनायकला बंगलोरला फोन केला. निघतो म्हणाला.

२७ जानेवारी

एक तरुण डॉक्टरीण म्हाताऱ्यांच्या खोकल्यावर अभ्यास करतेय. ह्यांच्या नाकातलं पाणी तपासायला नेलं होतं. आज मला एकटीला बाजूला घेतलं.

"आर.एस.व्ही. है, माताजी. बच्चोंवाला वायरस."

म्हटलं, अहो, हे अडुसष्ट वर्षांचे आहेत!

"बुज़ुर्गों में भी आम है. हर साल ठंड में होता है. बस कोई जाँच नहीं करता. निमोनिया लिखकर छोड़ देते हैं." त्यावर वेगळं औषध नाही म्हणे. ऑक्सिजन द्यायचा आणि वाट बघायची. मग विचारलं, "घर में छोटा बच्चा है?"

म्हटलं, आहे. नात.

सगळा वॉर्ड खोकतोय. प्रत्येक खाटेकडे बघते आणि वाटतं, ह्या माणसाला कोणत्या नातवाने दिलं असेल? कुणालाच माहीत नाही. डॉक्टरीण सांगेपर्यंत मला तरी कुठे माहीत होतं?

घरी कुणाला बोलले नाही.

२९ जानेवारी

मास्क बाजूला सारून म्हणाले, "सृष्टीचं... पडसं गेलं?" म्हटलं, गेलं हो. हसले. मला त्या क्षणी पोरीचा इतका राग आला! दीड वर्षाच्या पोरीचा! आणि ह्यांचा सुद्धा. कशाला घेतलीत मांडीवर? कशाला एवढा हौशीपणा? मग बाथरूममध्ये जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. देवा, माझं काय हवं ते ने. ह्यांना सोड. हे नसतील तर मी ह्या परक्या गावात करू काय?

३१ जानेवारी

व्हेंटिलेटर. विनायक नुसता येरझाऱ्या घालतोय. डॉक्टरीण नजरेला नजर देत नाही.

२ फेब्रुवारी

हे गेले. दाखल्यावर न्यूमोनिया लिहिलंय.

घरी आल्यावर अक्षता दारातच थांबली. सृष्टी कडेवर. म्हणाली, "आई, खरं सांगा. हिच्याकडून लागलं का बाबांना?"

म्हटलं, "नाही ग. डॉक्टरीण म्हणाली, ह्यांचं हृदयच थकलं होतं. पोरीला काहीतरी भरव आधी."