सासूबाई, हत्ती आणि पिठाची गोणी

ती. लाझारो मामांना,

दोन्ही गुडघे टेकून, हलकेच टाळ्या वाजवून झेब्रॉनचा नमस्कार. (गुडघे खरोखरच टेकलेत. आमच्या राहुटीत टेबल नाही, खोक्यावर कागद ठेवून लिहितोय.) तुमचा डावा गुडघा कसा आहे? सायकलची चेन अजून उतरते का? मक्याभोवती तुम्ही मिरचीत बुडवलेले दोर बांधलेत, त्यांना हत्ती भितात की अजून शेजारीच शिंकतात? मामी, आजी, कोंबड्या सगळ्या बऱ्या असतील. शेळ्याही. विशेषतः ती तांबडी शेळी. तिची मी आठवणीने चौकशी केली असं तिला सांगा.

मी इकडे मजेत आहे, म्हणजे मंगळवारपर्यंत होतो. फोनच करणार होतो, पण या काठावर फोन लागत नाही, आणि कॅम्पच्या रेडिओवर बोलावं तर लुआंग्वा नदीच्या दोन्ही तीरांवरचे सगळे कॅम्प कान लावून बसतात. मागे वरच्या कॅम्पच्या ड्रायव्हरने रेडिओवरून बायकोची माफी मागितली, तर नदीच्या पलीकडून चौघांनी त्याला शब्द सुचवले. म्हणून हे पत्र. ते मास्तरांकडून वाचून घेऊ नका, चष्मा शोधा आणि स्वतः वाचा.

तुम्ही गावात मला गाईड म्हणून सांगता असं कानावर आलं. मामा, मी चहा वाहतो. सकाळी पाहुण्यांना पायी जंगलात नेतात तेव्हा सगळ्यांत पुढे सरकारी बंदूकवाला आमोसी, त्याच्यामागे गाईड, मग पाहुणे, आणि शेवटी पाठीवर थर्मास, कप आणि केक घेऊन मी. पुढून काही आलं तर बंदूक आहे, मागून आलं तर चहा आहे. आजवर मागून एकदा रानडुक्कर आलं आणि एकदा एक पाहुणाच आला, जो मूत्रविसर्जनासाठी झुडपात थांबला होता आणि ज्याला सगळे विसरले होते. काम मात्र मानाचं आहे. दोन तास चालून थकलेल्या माणसाला झाडाखाली केकचा तुकडा दिला की तो माझ्याकडे जसा बघतो, तसा तो सिंहाकडेही बघत नाही.

या केकपाशीच सगळं घोडं अडलं. पावसात वाहून गेलेल्या गवताच्या झोपड्या नव्याने बांधून यंदा कॅम्प उघडला, तेव्हा आमच्या मॅनेजर ब्रिजेट मॅडमनी सगळ्यांना रांगेत उभं करून पाव आणि केक करायला आलेल्या नव्या बाईंची ओळख करून दिली. बघतो तर एनेलेसची आई, माझ्या होणाऱ्या सासूबाई. (त्यांचं नाव लिहीत नाही. तुम्हीच बजावलंय.) मी रांगेतून जो पाठ फिरवून निघालो तो थेट नदीच्या काठावर थांबलो, आणि तेही पाणघोडे होते म्हणून. लग्नाची बोलणी करून आलात त्या दिवशी तुम्ही मला पढवलं होतं, आठवतं ना? त्यांच्याकडच्या बायका स्वयंपाक करून मेजवानी घालतील आणि जावयाला घरात घेतील, तोवर सासूच्या समोर यायचं नाही, तोंड दाखवायचं नाही, बोलायचं नाही, ती वाटेत दिसली तर वाट सोडायची. तुम्ही हे सांगून सायकलवर बसलात आणि गेलात. ज्या बाईच्या हातचा केक मला रोज सकाळ-संध्याकाळ उचलायचाय, तिची वाट कशी सोडायची, हे सांगायचं राहिलं.

बरं, त्या नोकरीला आल्या ते पगारासाठी असं मला वाटलं होतं. आता तसं वाटत नाही. ते पुढे येईल.

मी मार्ग काढला. भांडी घासणारे डावुती काका मधे पडले. सासूबाई केकचा डबा काकांकडे देत, काका तो स्वयंपाकघराबाहेरच्या वारुळावर ठेवत, आणि मी उलटा चालत येऊन, हात मागे करून तो उचलत असे. पाय टाकायचा सराव झाला की हे सोपं आहे. पण एक म्हातारं डच जोडपं पाहुणे म्हणून आलं होतं, त्यांनी हे पाहिलं. त्यांनी आमच्या गाईडला विचारलं, गाईडला खरं सांगायला लाज वाटली (त्याचंही लग्न ठरलंय), तो म्हणाला, जुनी रीत आहे, जंगलाचा मान ठेवायची. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तो डच बाबा हातात कप घेऊन मान राखत मागे मागे चालू लागला आणि काटेरी बाभळीत बसला. त्याची पँट सोडवायला आम्हा तिघांना वेळ लागला, पण गडी खूश. पुढच्या आठवड्यात आलेल्या पाहुण्यांनाही हे कळलं होतं. ब्रिजेट मॅडम मला म्हणाल्या, झेब्रॉन, तू हे अजून जरा सावकाश करशील का, फोटो हलतात.

आता मंगळवार. डावुती काका दाढ काढायला म्फुवेला गेलेले. दुपारी पाहुणे झोपलेले, संध्याकाळच्या फेरीसाठी मला केक हवा, वारूळ रिकामं. मी विचार केला, उलटा चालत थेट आत जावं, आईसाहेबांना काय ते कळेल, डबा हातात पडेल आणि उलटपावली (म्हणजे सुलटपावली) बाहेर. गवताच्या भिंतीला हात लावत आत शिरलो. आतून पळी भांड्यावर आपटल्याचा आवाज येऊ लागला. जोरात. मला वाटलं, उशीर झाला म्हणून रागावल्या. मी आणखी भराभर मागे सरकलो, आणि पाठीला काहीतरी भरभक्कम लागलं. मामा, देवाशपथ, मला वाटलं सासूबाईच. माझं सगळं आयुष्य संपलं असं वाटून मी डोळे मिटले आणि पुटपुटलो, माफ करा. तेव्हा ओला, गरम वारा माझ्या कानात आला. सासूबाई अशा कानात फुंकणार नाहीत एवढं मला कळलं.

हत्ती होता. सकाळी ट्रकने संत्री आली होती, तो वास काढत मागची भिंत पाडून आत आला होता. मी जीव मुठीत धरून वाट दिसली तिकडे पळालो. बाजूलाच होती कोठी, आमच्या कॅम्पातली एकुलती एक विटांची खोली. आत शिरून लोखंडी दार ओढून घेतलं. आणि अंधारात पळीचा आवाज थांबला. हत्तीमुळे आधीच आत येऊन, दाराच्या फटीतून मला सावध करायला भांडं वाजवणाऱ्या सासूबाई तिथेच उभ्या होत्या. तेव्हा मात्र माझ्या पाचावर धारण बसली.

मी भिंतीकडे तोंड केलं. त्यांनीही केलं असावं. आमच्या मधे पिठाची एकच गोणी होती (बाकीच्या अजून ट्रकमध्येच). बाहेर हत्ती संत्री खात होता, सावकाश, लग्नाला आल्यासारखा. मग त्या गोणीशी बोलल्या.

“गोणीबाई, त्या माणसाला सांग, जनावरसुद्धा आधी मागे बघतं, मग मागे सरकतं.”

मी म्हटलं, “गोणीबाई, सांगा की चूक झाली.”

“आणि हेही सांग, की मी पोरीसाठी माणूस बघायला म्हणून इथे नोकरी धरली. जून गेला, जुलै गेला, ऑगस्ट गेला, आता सप्टेंबर आला. मला नुसती पाठ दिसते. पाठीवरून जावई कसा पारखायचा?”

मामा, मला फार वाईट वाटलं. मी मर्यादा पाळतोय, पाळतोय म्हणून स्वतःवर खूश होतो आणि त्या बिचाऱ्या तीन-चार महिने माझं दुसरं टोक शोधत होत्या.

मग मला तुमचा मिरचीचा उपाय आठवला. फळीवर पूड होती. मी दारातल्या फटीतून मूठभर बाहेर फुंकली. वारा नेमका बाहेरून आत येत होता. शिंकायला मर्यादेची आडकाठी नाही, तेव्हा आम्ही दोघंही मनसोक्त शिंकलो. हत्तीने खाणं थांबवलं नाही. (तुमचे शेजारी शिंकतात हे आता मला पटलं.)

शेवटी सासूबाई म्हणाल्या, “गोणीबाई, वर झरोका आहे. कुणीतरी बघायला हवं, तो गेला की नाही. मी पोचत नाही, तोही पोचत नाही. एकावर एक उभं राहिलं तर पोचेल.”

मी गोणीला विचारलं की हे चालतं का.

“तोंड दाखवायचं नाही असं आहे. खांदा म्हणजे तोंड नव्हे.”

मी भिंतीकडे तोंड करून बसलो, त्या गोणीवर चढल्या, गोणीवरून माझ्यावर, आणि मी उठलो. वजनाबद्दल काही लिहीत नाही. (ट्रकमधल्या गोण्या आठवा. हे वाक्य वाचून खोडा.) वरून आवाज यायचा, “आहे, गोणीबाई, अजून आहे. आता आमचे कांदे खातोय. आता नुसता उभा आहे.” मी तसाच भिंतीला कपाळ टेकून उभा. शेवटी त्या हळू आवाजात म्हणाल्या, “खांदे बरे आहेत,” आणि तेवढ्यात कुणीतरी बाहेरून दार ओढलं. दारात आमोसी बंदूक घेऊन, त्याच्यामागे मॅडम, आणि झोपेतून उठलेलं ते डच जोडपं, जे या आठवड्यात पुन्हा आलंय. डच बाईंनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी विचारलं, हे रोज किती वाजता असतं.

मामा, आता गंमत बाजूला. आमोसी म्हणजे सासूबाईंच्या थोरल्या भावाचा शेजारी. तो शनिवारी सुट्टीवर गावी जातोय, आणि जावयाच्या खांद्यावर सासू पाहिल्यावर तो गप्प बसेल असं मला वाटत नाही. तो थोरला भाऊ कसा आहे हे तुम्ही बोलणी करताना पाहिलंय. त्याने मोडलं म्हटलं की मोडलं. सासूबाईंचं मन कळायला मार्ग नाही. दाढ काढून डावुती काका परत आलेत, डबा पुन्हा वारुळावर येतो, पण त्या दिवसापासून केकमध्ये मनुका नाहीत. आधी भरपूर असायच्या. मी रोज केक कापताना एखादी तरी मनुका शोधतो. मला एनेलेसशीच लग्न करायचंय. दुसरी कुणी नको, आणि खरं सांगायचं तर दुसरी सासूही नको. तुम्ही आमोसीच्या आधी तिकडे पोचा आणि आपणहून सांगा, म्हणजे ऐकणाऱ्याला राग यायला जागा उरणार नाही.

मामी, आजीला नमस्कार. गुडघ्याला कोमट तेल लावा.

तुमचाच भाचा,
झेब्रॉन

ता. क. रिकाम्या हाताने गेलात तर तो भाऊ दारातच उभा करेल. दंड म्हणून एखादी शेळी न्यावी लागेल. माझ्याकडे शेळी नाही. तांबडी कशी आहे हे मी वर विचारलंच आहे.

आणखी ता. क. मी वरती ‘तसाच उभा’ असं लिहिलंय, पण माझे पाय सारखे लटपटत होते. भिंत हत्तीमुळे हलते आहे असा सासूबाईंचा समज झालाय, असं वाटतं. तो तसाच राहू द्या. पाकिटाला डिंक नाही, म्हणून डावुती काकांकडे देतोय, ते स्वयंपाकघरातून पिठाची खळ लावून चिकटवतील आणि भाजीच्या ट्रकने पाठवतील.

लाझारो भाऊंना नमस्कार. डावुतींनी हे पाकीट खळ लावायला माझ्यापुढे ठेवलं. उघडं होतं. मी तुम्हाला लिहितेय, तुमच्या भाच्याला नाही, म्हणून गोणीची गरज नाही.

मनुका हत्तीने खाल्ल्या. ट्रक आला की घालीन. वजनाबद्दल कंसात लिहिलेलं वाचलं, तुम्ही खोडायची तसदी घेऊ नका. थोरल्या भावाला मी काल आमोसीच्याच हाती निरोप दिलाय, त्याची सुट्टी शनिवारच्या आधीच लागली. मेजवानी याच महिन्यात करू, मला आता त्या पोराचं तोंड बघायचंय. शेळी घरीच असू द्या.

आणि हत्ती कांदे खाऊन केव्हाच नदीकडे गेला होता. झरोक्यातून मला चांगलं दिसत होतं. म्हटलं पोरगी द्यायची तर ओझं घेऊन किती वेळ उभा राहतो ते पाहावं. फार लटपटत होता. पण खाली बसला नाही.