माझ्याच वयाची बाई

माय, तुला जाऊन बरीच वर्षं झाली. तू असतीस तरी हे तोंडानं सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले आहे. दुपार आहे. हे जेवून मोंढ्यात हळदीच्या दुकानावर गेलेत. पोरगा पुण्याला, पोरगी तिच्या सासरी. वसमतच्या या घरात शिलाई मशीन थांबलं की दुसरा आवाज उरत नाही.

मागच्या उन्हाळ्यात ह्यांनी नवा मोबाईल घेतला आणि जुना मला दिला. त्यातलं काही पुसलं नव्हतं. पोरीचे फोटो शोधताना एक जपानी पिक्चर लागला, चारचौघांत नाव काढू नये असा. मी बंदच करणार होते, पण त्यातली बाई तरणी नव्हती. माझ्याच वयाची, पोट जरा सुटलेलं. ती नवऱ्याला वाढते आणि तो टीव्हीवरची नजर काढत नाही. मग ती शेजारच्या माणसाकडे जाते. भाषेतलं अक्षर कळत नव्हतं, पण तो दार उघडतो तेव्हा तिचा चेहरा कसा होतो, तेवढंच मी पुन्हा पुन्हा बघितलं. नंतर मात्र ध्यानात आलं. पोरगी झाल्यापासून ज्यांनी मला हात लावला नाही, ते हिला बघत होते.

संध्याकाळी वाढताना मी म्हणाले, "त्या मोबाईलातली बाई माझ्याच वयाची हाय."

हे भाकरी मोडत राहिले. "पुसून टाक ते."

"मंग मी काहून दिसत न्हाई तुमाला?"

"घरच्या बाईनं असं बोलू न्हाई," हे म्हणाले, आणि हात धुवायला उठले.

तेव्हा तू आठवलीस. मी माहेरी आले आहे, तू बाजेवर शेवया वाळत घालते आहेस. मी खालच्या आवाजात सांगते की हे जवळ येत नाहीत. तू वरसुद्धा बघत नाहीस. "दोन लेकरं झाली ना? मंग आता काय पाहिजे?" थोड्या वेळानं तुझा हात थांबतो. "मला तरी कोणी इचारलं?" म्हणतेस, आणि मला पाणी आणायला पाठवतेस. मला तुझा फार राग आला होता. तू मला रागावत होतीस की स्वतःचं सांगत होतीस, ते तेव्हा कळलं नाही.

मी दर आठवड्याला जवळा बाजार गावच्या बाजारात शिवलेले परकर विकायला बसते. शेजारी एक कापडवाला बसायचा, पन्नाशीचा, बायको वारलेली. एकदा एसटी चुकली म्हणून उशीर झाला, तर त्यानं माझ्या जागेवर आपलं पोतं अंथरून ठेवलं होतं. म्हणाला, "वाट पाहून राहिलो होतो. तब्येत बराबर हाय ना?" एवढंच. मी परकराच्या घड्या घालत राहिले, घातलेल्याच पुन्हा मोडून.

पुढे एका दुपारी बाजार पांगल्यावर मी त्याच्या खोलीवर गेले. त्यानं चहा केला, साखर किती ते विचारलं. मग म्हणाला, "जायचं असंल तर जावा. मला राग न्हाई येणार." मी गेले नाही. त्या दिवशी थांबले, आणि नंतरच्या काही बाजारांच्या दिवशीही. घरी आल्यावर हे विचारायचे, "बाजार कसा झाला?" मी म्हणायचे, "बरा झाला." माझ्या तोंडाकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. बघितलं असतं तर कळलं असतं.

दिवाळीनंतर कापडवाल्याला त्याच्या मुलानं नांदेडला नेलं. जाताना बाजारातच, लोकांदेखत म्हणाला, "येतो बाई." मी मान हलवली आणि गिऱ्हाइकाला परकर दाखवला. आता तिथं चपलांवाला बसतो.

हा कागद मी कुठं पाठवणार? चुलीत घालीन. चुकले, पस्तावले, असं लिहावं म्हणून बसले होते, माय. पण तसं वाटत नाही. फक्त बाजाराच्या दिवशी आता घरातून निघावंसं वाटत नाही.