चिखलावरचं औषध

विंझर,
२८ जुलै

चि. शेफाली बाळास,
आबाचा मायेचा हात तुझ्या डोक्यावरून.

इकडं सगळं ठीक आहे. लावणी उरकली. नाचणीचं पीठ जीपवाल्या चिमाजीकडं देतोय, नसरापूरच्या स्टँडवर उतरवून घे. हे पत्र त्याच पिशवीत ठेवलंय. फोन का केला न्हाई म्हणशील, तर घरात फोन एक आणि त्याला तुझ्या आजीचा कान कायम चिकटलेला.

आजीचंही बरं आहे. यंदा शेवटचं वावर बायकांनीच लावलं. ही ओट्यावर बसून त्यांना ओरडत होती, "अगं, रोपं लावताय का कुणाला सुया टोचताय?"

आता तू म्हणशील, आजी लावणी सोडून ओट्यावर? व्हय, बाळा. तिच्या पायांना पट्ट्या आहेत. बरे होतायत, आधी एवढं वाच आणि मग पुढं जा.

चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, हे तुला ठाऊकच आहे. दरसाल ती मेंदी लावते. यंदा शेजारची नूतन म्हणाली, "काकू, मोबाईलवर मागवू की." मोबाईल तोंडाशी धरून बोलली, "चिखल्यांवर औषध." मोबाईलला आपली बोली काय कळणार? त्यानं चिखल ऐकलं आणि तू मोबाईलवर विकतेस ती बाटली पुढं केली. 'आजीबाई. चिखलावर जालीम औषध. लावा, दहा मिनिटं ठेवा, धुऊन टाका.' आणि वर डोईवर पदर घेतलेली हसरी म्हातारी.

आजी हरखलीच. "अगं, ही तर आपल्या शेफालीची! माझंच चित्तर काढलंय पोरीनं!"

हे फरशी धुवायचं आहे, असं त्या पानावर होतं, पण पार खाली, 'आणखी वाचा' दाबल्यावर. आणि आपल्याकडं औषध कशाला म्हणत न्हाईत? खोकल्याचं ते औषध, भातावर मारायचं ते औषध, ढेकणांचं तेही औषध. बाटली आली तशी ती पाय पसरून बसली आणि कापसानं लावलं.

झोंबायला लागलं तशी नूतन म्हणाली, "काकू, धुवा की!"

"गप गं. औषध हाय, झोंबणारच. धा मिन्टं ठेवायचं लिवलंय."

नातीचं औषध म्हणून सोसलं गं तिनं. दुसऱ्या कुणाचं असतं तर शिव्या घालत कधीच धुतलं असतं.

पायाची कातडी भाजून निघाली, तशी तिला वेल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "ह्यात आहे काय?" बाटली घाईत घरीच राहिलेली. नूतननं तुझं पान उघडलं. लिंबाचा सुवास होता, खूश गिऱ्हाइकांचे तारे होते, सवलत होती. अॅसिड हे अक्षर कुठं नव्हतं. ते बाटलीच्या पाठीवर होतं म्हणे, मुंगीएवढ्या इंग्रजीत. बाईंनी भरपूर पाण्यानं पाय धुतले, बाटली येईस्तोवर अंदाजानंच पुढचं केलं.

मागं तू म्हणाली होतीस, "आबा, तोंडावरच धोका लिहिला तर घेईल कोण?" तेव्हा मी हसलो. आज सांगतो, मला जसं दिसतं तसं. मी भातावरचं औषध आणायला जातो, तर दुकानदार बाटली हातात द्यायच्या आधी दम देतो, "म्हातारबा, हातमोजे घाला, वाऱ्याकडं तोंड करू नका, नातवंडांपासून लांब ठेवा." मग पैसे घेतो. तुझ्या धंद्यात तो माणूस कुठाय? ते मोबाईलचं पानच तुझा दुकानदार, आणि तो नुसता गोडच बोलतोय. बाटलीवर जे सांगतेस ते बाटली घरी यायच्या आधी, आपल्या मराठीत, वरच सांग. आत काय आहे, कशाला लावायचं, कशाला न्हाई, अंगावर उडालं तर काय करायचं. कायदा काय म्हणतो ते तू शिकलेली आहेस, शोध. गणपतीच्या तोंडावर चार गिऱ्हाइकं कमी होतील, होऊ देत. आणि 'औषध' हा शब्द तेवढा काढ.

तुला कळवायचं न्हाई अशी आजीनं मला शपथ घातली होती. "पोरीचा धंदा नवा हाय, उगी तिच्या जिवाला घोर." म्हणून गोठ्यात बसून लिहीत होतो. पण पट्टीच्या पायानं भिंत धरत धरत आलीच शोधत.

"कुणाला लिवताय?"

खोटं बोलायला जमलं न्हाई. वाटलं, आता माझी खैर न्हाई. ती वैरणीच्या भाऱ्यावर टेकली, म्हणाली, "वाचा." मी सगळं वाचून दाखवलं. बसल्या बसल्या तिनं म्हशीपुढं वैरणीची पेंढी सारली.

मग म्हणाली, "बाटलीवरचं चित्तर पुसू नगं म्हणावं. माझी शोभा हाय ती. फकस्त त्या बाईच्या हातात मोजे घाल म्हणावं. आन् हसू नगं म्हणावं तिनं एवढं. जरा दटावल्यागत बघू दे."

तेवढं कर, बाळा. पिठाच्या भाकरी करून खा.

तुझा आबा गेनबा,
आणि जिच्या हातात मोजे घालायचेत, ती बाळाबाई